उद्धरण-प्रभाव, रोगप्रतिकारशास्त्रातील

एखाद्या संशोधकाच्या शोधनिबंधांचा आधार इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा घेतला, हे मोजून त्याच्या कामाच्या वापराचा जो अंदाज बांधला जातो त्यास उद्धरण-प्रभाव म्हणतात. बोलताना मात्र ‘सायटेशन’ हाच शब्द रूढ आहे. ही मोजणी वापराची असते, गुणवत्तेची नव्हे, आणि रोगप्रतिकारशास्त्रात हा फरक विशेष ठळकपणे दिसतो.

यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी उद्धरणसूचीची, म्हणजे कोणत्या निबंधाचा आधार कोणी घेतला याच्या सूचीची, कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेने अशी सूची प्रसिद्ध केली. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात याचा आकडा, याच परंपरेतला; तो नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नव्हे, तरीही निवड समित्यांपुढे तो लेखकाच्या नावापुढे मांडला जातो. व्यक्तीसाठीचा एच-निर्देशांक हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. समजा, एका संशोधिकेच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५ आणि २ उद्धरणे मिळाली आहेत. किमान पाच उद्धरणे असलेले निबंध पाच असल्याने तिचा निर्देशांक ५ होतो. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० ऐवजी ४,००० असती, तरी तो ५ च राहिला असता.

रोगप्रतिकारशास्त्रात कल्पनेपेक्षा तंत्राचा उल्लेख अधिक होतो. टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये जिवंत पेशी मोजण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली: पिवळा रंगद्रव जिवंत पेशींत जांभळा होतो आणि त्या जांभळेपणाच्या मापावरून पेशींची संख्या कळते. साहाय्यक टी-पेशींचे, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचे, दोन प्रकार असतात, हे प्रतिपादन त्यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये केले आणि त्याने या विषयाची पाठ्यपुस्तके बदलली. तरीही उद्धरणे पहिल्या निबंधाला कितीतरी अधिक आहेत, कारण कर्करोगाच्या औषधांपासून वनस्पतींच्या अर्कांपर्यंत काहीही तपासणाऱ्या प्रयोगशाळेला ती रीत लागते. आढावा-लेखांचेही तसेच, त्यांत नवा प्रयोग नसतो, पण प्रस्तावनेत उल्लेखायला ते सोयीचे पडतात. काळाचा हिशेब निराळाच आहे. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी-पेशींची, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींची, ओळख पटवली, तेव्हा ‘दमनकारी पेशी’ ही जुनी कल्पना बदनाम झालेली असल्यामुळे अनेकांनी त्यांच्याकडे साशंकतेने पाहिले. २०२५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पहिल्या दोन-चार वर्षांच्या आकड्यांवर पदोन्नती ठरवणाऱ्या पद्धतीला अशा कामाची पारख होणे कठीण.

गोव्यातील संशोधकांच्या बाबतीत यात रोगाच्या भूगोलाची भर पडते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हिवतापावर आंतरराष्ट्रीय सहकार्याने अभ्यास झाला आहे. अशा बहुकेंद्री निबंधांवर लेखकांची लांबलचक यादी असते आणि प्रचलित मोजणीत प्रत्येकाच्या खाती अख्खे उद्धरण जमा होते, मग त्याने रक्ताचे नमुने गोळा केलेले असोत की सबंध प्रयोगाची आखणी केलेली असो. उलट माकडतापाचे पाहावे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा विषाणुजन्य रोग २०१५ पासून सत्तरी तालुक्यात आढळू लागला. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना गोचिडीच्या चाव्यातून तो होतो. लस घेतलेल्यांची प्रतिकारशक्ती किती टिकते, या प्रश्नाचे उत्तर सत्तरीतल्या वाळपईच्या डॉक्टरला हवे असते. पण रोग पश्चिम घाटाच्या पट्ट्यापुरता असल्याने त्यावर लिहिणारेच थोडे आणि म्हणून उद्धृत करणारेही थोडे. तीच मेहनत डेंग्यूवर घेतली असती तर आकडा वाढला असता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

नावांचा घोळ हा गोव्याचा खास विषय. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीमुळे देसाई कागदोपत्री एका ‘स’ने लिहिले जातात तसे दोन ‘स’नेही, परब ‘पोरोब’ होतात आणि नाईकांचे स्पेलिंग घरागणिक बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पहिल्या निबंधावर दुसरे स्पेलिंग असले की उद्धरणांच्या संगणकीय सूचीत एका माणसाची दोन माणसे होतात व दोघांचाही निर्देशांक घटतो. फर्नांडिस किंवा डिसोझा असल्यास उलटे घडते आणि अनेकांची कामे एकाच्या नावे गोळा होतात. २०१२ पासून उपलब्ध असलेला ओर्सिड हा सोळा अंकी ओळखक्रमांक त्यावरचा उपाय आहे, मात्र जुने निबंध ज्याचे त्यालाच बसून जोडावे लागतात.

रोगप्रतिकारशास्त्राबाहेरचे असले, तरी गोव्यातल्या कोसबेत १९०७ मध्ये जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण येथे टाळता येत नाही. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ मधले सूत्र जनुक-नकाशे करणाऱ्या संगणकप्रणालींत त्यांच्याच नावाने दिसते. ते वापरणारा प्रत्येक जण मूळ निबंध उद्धृत करतोच असे नाही. उत्तरायुष्यात तर गणितावरचे काही निबंध त्यांनी ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापले, आणि ती उद्धरणे सूचीत ड्युक्रे यांच्याच खाती पडतात.