बटण दिसत नाही? एक्स्टेन्शन काढण्याआधी हे वाचा

आमचं एक्स्टेन्शन म्हणजे क्रोम ब्राउझरला जोडलेला, ऑर्डरच्या पानावर पत्ता भरून देणारा छोटा प्रोग्रॅम. त्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात: "ऑर्डरच्या पानावर 'पत्ता भरा' बटण येत नव्हतं, म्हणून एक्स्टेन्शन काढून परत टाकलं." कृपया असं करू नका. एक्स्टेन्शन काढलं की त्यात जतन केलेले पत्ते आणि सेटिंग्ज पुसली जातात. ती फक्त तुमच्याच संगणकावर असतात, त्यामुळे आम्हालाही परत आणून देता येत नाहीत.

आधी पान रीलोड करा. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, पण क्रोममध्ये आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमध्ये जुनीच स्क्रिप्ट (पानावर बटण दाखवणारा आमचा कोड) राहते आणि तिचा नव्या एक्स्टेन्शनशी संबंध तुटलेला असतो. मग बटण दिसतं, पण दाबलं तरी ढिम्म! काउंटरवरच्या संगणकावर एकच टॅब आठवडाभर उघडा असतो, हे आम्ही पाहिलं आहे. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

रीलोड करूनही काही झालं नाही, तर परवानगी तपासा. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हातून 'मॅनेज एक्स्टेन्शन्स' उघडा, आमच्या नावाखालचं 'डिटेल्स' दाबा आणि 'साइट ॲक्सेस' बघा. तिथे 'ऑन क्लिक' असेल, तर तुम्ही दर वेळी चिन्हावर क्लिक करेपर्यंत स्क्रिप्ट चालणारच नाही. 'ऑन स्पेसिफिक साइट्स' निवडून फक्त ऑर्डरची साइट घाला. सगळ्या साइट्सची परवानगी देऊ नका. तुमच्या बँकेच्या पानावर आमचं काय काम? इन्कॉग्निटोची (खासगी विंडोची) परवानगीही याच पानावर, पण वेगळी द्यावी लागते.

'सर्व्हिस वर्कर (इनॅक्टिव्ह)' असं कुठे दिसलं तर तो बिघाड नाही. ३० सेकंद काही काम नसलं की क्रोम एक्स्टेन्शनचा पडद्याआड चालणारा हा भाग स्वतःच थांबवतं आणि बटण दाबलं की पुन्हा सुरू करतं. पहिल्या क्लिकला क्षणभर उशीर होतो तो यामुळेच.

इतर एक्स्टेन्शन्स, विशेषतः जाहिराती अडवणारी, कधीकधी आमचं बटण झाकतात. निम्मी बंद करून बघा. बटण आलं तर दोषी त्या बंद केलेल्यांत आहे. मग त्यांतली निम्मी चालू करा, असं करत एकावर या. फक्त बंद करा, काढू नका.

एका ऑर्डरवरून दुसरीवर गेल्यावर बटण गायब होतं आणि रीलोड केल्यावर येतं, असं असेल तर चूक आमच्या बाजूची आहे. काही साइट्स पान नव्याने लोड न करता आतला मजकूरच बदलतात आणि आमच्या स्क्रिप्टला ते कळत नाही. अशा साइटचं नाव आम्हाला जरूर कळवा.

कळवताना एफ-१२ दाबून 'कन्सोल' (पानातल्या चुका दाखवणारा भाग) उघडा आणि लाल ओळींचा स्क्रीनशॉट पाठवा. त्यात गिऱ्हाइकाचा पत्ता किंवा मोबाइल नंबर दिसत असेल तर खोडा. आणि त्या कन्सोलमध्ये कुणीही फोनवर सांगितलेलं काहीही पेस्ट करू नका, अगदी आमचं नाव सांगितलं तरी. आम्ही तसं कधीच करायला सांगत नाही.