डबल मार्करच्या फॉर्मवरचा 'एशियन' रकाना

डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा) असलेला गर्भ पोटात असताना आईच्या रक्तात एएफपी हे गर्भाकडून येणारे प्रथिन कमी असते, हे १९८४ मध्ये ध्यानात आले. १९८७ मध्ये एचसीजी हे वारेचे संप्रेरक वाढलेले आढळले आणि १९८८ मध्ये एस्ट्रिओल हे आणखी एक संप्रेरक जोडून, तिन्हींवरून धोका सांगणाऱ्या ट्रिपल टेस्टचे गणित मांडले गेले. डबल मार्कर (पहिल्या तिमाहीत फ्री बीटा एचसीजी, म्हणजे एचसीजीचाच एक भाग, आणि पॅप-ए हे वारेचे प्रथिन मोजणारी रक्तचाचणी) आणि एनटी स्कॅन (गर्भाच्या मानेमागचे पाणी मोजणारी सोनोग्राफी) नव्वदच्या दशकातले. हे सगळे बेतले गेले ते मुख्यतः गोऱ्या स्त्रियांच्या रक्तावर.

भारतात पुढे यंत्र, रसायने आणि धोक्याचे गणित करणारे सॉफ्टवेअर एकत्रच आले, आणि मेख सॉफ्टवेअरमध्ये आहे. रक्तातले प्रमाण जसेच्या तसे धरत नाहीत. त्याच दिवसांच्या गरोदरपणातल्या मध्यकाच्या, म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याच्या, ते किती पट आहे, हे काढतात. रिपोर्टवरचे 'एमओएम' ते हेच. मध्यक बाहेरच्या बायकांचा, म्हणून दुरुस्तीसाठी वंशाचा रकाना आला आणि त्यात 'एशियन'. ब्रिटनमध्ये एशियन म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकेत बहुतेकदा चिनी, कोरियन, जपानी. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत वजन वगैरे जुळवूनही फ्री बीटा एचसीजी दक्षिण आशियाई स्त्रियांत थोडे कमी निघाले, पूर्व आशियाई स्त्रियांत थोडे जास्त. म्हणजे एकाच खुणेखाली उलट दिशेचे दोन गट! यातल्या कोणत्या गटाचा दुरुस्तीचा गुणक लावला, हे रिपोर्टवर सहसा नसतेच.

वंशाहून वजनाचा घोळ जास्त नडतो, असे माझे मत आहे. अंगाने बारीक बाईत रक्त कमी, त्यामुळे वारेतून येणारी द्रव्ये दाट भरतात. ४५ किलोच्या बाईचे वजन अंदाजाने ६० लिहिले, तर एचसीजीचा आकडा उगाच चढतो आणि पॅप-एचाही. डाउनमध्ये एचसीजी वाढते, पॅप-ए मात्र घटते; म्हणून पहिला विनाकारण घाबरवतो, दुसरा विनाकारण निश्चिंत करतो. वजनकाटा समोर असून हे होते.

जपानमध्ये वाद निराळाच होता. डॉक्टरांनी या रक्तचाचणीची माहिती आपणहून देण्याची गरज नाही, असे एका सरकारी तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये ठरवले.

आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरतो, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्यावरची चाचणी, म्हणजे एनआयपीटी, बाजारात आली आणि सुरुवातीच्या ठिकाणांत हाँगकाँग होते. तिला वंशानुसार मध्यक लागत नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी गर्भजल काढून करायची अ‍ॅम्निओ चुकत नाही. भारतात १९९४ च्या लिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे तिच्या रिपोर्टमध्ये लिंग कळेल असे काही देता येत नाही.

आपल्याकडे खरी कोंडी केली ती गर्भपाताच्या २० आठवड्यांच्या मर्यादेने. १९७१ च्या कायद्यातली ही अट या चाचण्यांच्याही आधीची. सतराव्या-अठराव्या आठवड्यात रक्तातली चार द्रव्ये मोजणारी क्वाड्रपल, मग अ‍ॅम्निओ, मग पेशी वाढवून गुणसूत्रे मोजायला दोन-तीन आठवडे. तोवर मुदत संपलेली. २०१७ मध्ये मुंबईच्या एका महिलेला, गर्भ २६ आठवड्यांचा असताना, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. निदान डाउन सिंड्रोमचेच होते. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगासाठी आठवड्यांची अट काढली. मात्र २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे गेला.