घंटा वाजली, आता काय थांबवायचं? पोमोडोरो आणि टाइमबॉक्सिंग

पोमोडोरो आणि टाइमबॉक्सिंग या वेळ बांधून काम करण्याच्या दोन पद्धती. दोन्हींत टायमर लावतात आणि वेळ संपली की दोन्हींत घंटा वाजते. त्यामुळे ‘मी पोमोडोरो करतो’ म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात टाइमबॉक्सिंग करत असतात. २५ मिनिटांत अख्खं प्रकरण लिहून झालं नाही की स्वतःवरच चिडतात. पण पोमोडोरोनं तसं वचन कधी दिलेलंच नसतं.

पोमोडोरोची घंटा माणसाला उठवते, काम तसंच पुढे चालू राहतं. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती आणि चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. विसरले जातात ते नियम. फेरी अर्धी मोजत नाहीत. मध्येच सोडून उठावं लागलं तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून. काम लवकर आटोपलं तरी घंटा होईपर्यंत बसायचं आणि केलेलं तपासायचं. आणि मध्येच ‘अरे, तो मेल राहिला’ असं आठवलं, तर शेजारच्या कागदावर टिपून पुढे चालायचं. माझ्या मते पद्धतीचा जीव या कागदात आहे. मन भटकणारच; पण आठवलेली गोष्ट कागदावर उतरली की ती निसटण्याची धास्ती उरत नाही आणि लक्ष परत जागेवर येतं. नुसता टायमर लावणाऱ्यांना हे सुख मिळतच नाही.

टाइमबॉक्सची घंटा कामालाच थांबवते. ‘या टिपणाला ४० मिनिटं’ असं ठरवलं, की चाळिसाव्या मिनिटाला हात थांबवून जे झालंय ते पुरेसं आहे का, एवढंच बघायचं. विश्रांतीचा इथे प्रश्नच नाही. स्क्रम या मुख्यतः सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संघांच्या पद्धतीत रोजची बैठक १५ मिनिटांची आणि स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, फार तर एक महिन्याचा असतो, तो याच हिशेबानं.

म्हणून कामाला बसवतच नसेल तर पोमोडोरो घ्या. काम सोडवतच नसेल, पाचव्यांदा स्लाइडचे रंग बदलत असाल, तर टाइमबॉक्स. दोन्ही अडचणी एकदम असतील तर मसुद्याला तीन पोमोडोरो बांधून द्या: पहिल्या दोन घंटांना फक्त तुम्ही उठायचं, आणि तिसरीला मसुदा असेल तसा पुढे पाठवायचा.