पटकी (कॉलरा)

‘व्हिब्रिओ कॉलेरी’ या स्वल्पविरामाच्या आकाराच्या जंतूमुळे लहान आतड्यात होणारा तीव्र संसर्गजन्य रोग. मोडशी, महामारी ही त्याची अन्य नावे. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, हातापायांत गोळे ही लक्षणे परिचितच आहेत.

प्राचीनत्व : याविषयी एकमत नाही. सुश्रुतसंहितेतील विसूचिका म्हणजे पटकीच, असे जुने लेखक सरसकट धरून चालत. परंतु तेथे अजीर्ण व अंगात सुया टोचल्यासारख्या वेदना यांवर भर असल्याने ती संज्ञा व्यापक असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरेया याने वर्णिलेली १५४३ च्या सुमाराची गोव्यातील साथ मात्र पटकीशी बरीच जुळते. रोगी काही तासांत दगावत. गव्हर्नरच्या आज्ञेने एका प्रेताचे विच्छेदन केले, तेव्हा जठर आकसून सुरकुतलेले आढळले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याच्या गोव्यातच छापलेल्या ग्रंथातही (१५६३) हा रोग येतो. तेव्हा १८१७ मध्ये बंगालमधील जेसोरकडून पसरलेली व पुढल्या वर्षी मुंबईत पोचलेली साथ म्हणजे नव्या रोगाचा उदय, असे म्हणणे कठीण आहे. जुनाच रोग सैन्य व व्यापार यांच्या वाटेने दूरवर गेला असावा. जनुकीय पुरावा सध्या फिलाडेल्फियात जतन केलेल्या १८४९ च्या आतड्याच्या नमुन्यापर्यंतच मागे जातो.

कारणमीमांसा : फिलिप्पो पाचीनी याने १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे हा जंतू पाहिला होता, पण श्रेय दीर्घकाळ रॉबर्ट कॉख याला (कलकत्ता, १८८४) मिळत राहिले. जुलाब जंतूच्या विषामुळे होतात, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशांवरील प्रयोगांनी दाखवले. या विषाने आतड्याच्या पेशींतील ‘सायक्लिक एएमपी’ हे संदेशवाहक रसायन वाढते आणि क्लोराइड व पाणी आतड्याच्या पोकळीत झिरपू लागते. मात्र ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाण्याची क्रिया शाबूत राहते. मीठ व ग्लुकोज घातलेल्या पाण्याचे, म्हणजे क्षारसंजीवनीचे (ओआरएस), सारे यश यावर उभे आहे. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत तिचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. उपचारांविना तीव्र रोगात निम्म्यापर्यंत रोगी दगावू शकतात. वेळेवर उपचार झाल्यास शंभरात एकही क्वचितच.

प्रतिबंध : पूर्वी साथ आली की मरीआईचा गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. ग्रामपंचायती आज विहिरीत व टाकीत टीसीएल (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) पावडर टाकतात. सुमारे १,००० लिटर स्वच्छ पाण्यास चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पुरते. गढूळ पाण्यास जास्त लागते. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाणी पिवळे दिसले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. पावडर उघडी पडून राहिली, तर तिचा जोर जातो. बांगलादेशात पाणी जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक पदरांतून गाळल्याने रोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, कारण जंतू सूक्ष्म जलचरांना चिकटून असतात. पाणी उकळणे अर्थात अधिक खात्रीचे. हाफकिनची टोचायची लस (१८९२) आता वापरात नाही. तोंडावाटे घ्यायची लस काही वर्षे संरक्षण देते.