कोंबड्यांचे रक्तस्वास्थ्य : कोकणातील हवामान व आहार

कोंबडीच्या रक्तातील पेशींची संख्या व घडण, हीमोग्लोबिनचे प्रमाण आणि रक्त गोठण्याची क्षमता यांवरून तिचे रक्तस्वास्थ्य ठरते. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. कोंबडीची तांबडी पेशी लंबगोल व केंद्रकयुक्त असून तिचे आयुष्य सु. २८ ते ३५ दिवसांचे, म्हणजे माणसाच्या पेशीच्या जेमतेम पाव हिस्सा असते. नव्या पेशी घडवण्याचे काम असे अखंड चालू असल्यामुळे खुराड्यातील बिघाड किंवा खाद्यातील उणीव काही आठवड्यांतच रक्तात उमटते. निरोगी पक्ष्याच्या रक्तात पेशींचा भाग सु. २२ ते ३५ टक्के आणि हीमोग्लोबिन दर १०० मिलि.मध्ये ७ ते १३ ग्रॅम असते. गावात तुऱ्याचा रंग हीच पहिली परीक्षा असली, तरी खुडूक कोंबडीचा तुराही फिका पडतो. म्हणून तोंडाची आतली त्वचा पाहणे अधिक भरवशाचे.

कोकण किनाऱ्यावर रक्तावर होणाऱ्या बहुतेक परिणामांच्या मुळाशी दमटपणा आहे. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. धापा टाकून, श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडून ती अंग निववते. रत्नागिरी-मालवणकडे मे महिन्यात पारा विदर्भाइतका चढत नाही, परंतु दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते आणि धापा वाढतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून रक्त अधिक अल्कधर्मी होते, मुक्त कॅल्शियम कमी पडते व अंड्याचे कवच पातळ होते. जास्त पाणी प्यायल्याने पेशींचे प्रमाण घटलेले दिसते, पण तो खरा पंडुरोग (रक्तक्षय) नव्हे. ताणाचा माग पांढऱ्या पेशींवरून लागतो : कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढले की हेटेरोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात व लसीका पेशी हा त्यांचा दुसरा प्रकार घटतो. या दोहोंचे गुणोत्तर ताणाचे मोजमाप म्हणून ग्रॉस व सीगल या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. भाताच्या तुसाची गादी ओली राहिली की विष्ठेतून पडलेल्या कॉक्सिडिया या आतड्यातील सूक्ष्म परजीवींच्या बीजपुटी (कवचबंद अंडीवजा अवस्था) एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. त्यांपैकी आयमेरिया टेनेला हा परजीवी उंडुकाच्या (आतड्याच्या आंधळ्या पिशवीच्या) अस्तरात वाढतो. संसर्गानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी रक्ती हगवण लागते आणि कोवळी पिल्ले रक्तस्रावानेच दगावतात. उपचारासाठी सल्फा औषधे बेसुमार दिल्यास के जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा येऊन रक्तस्राव उलट वाढू शकतो. झडीपासून बचाव म्हणून शेड प्लॅस्टिकने चहूबाजूंनी बंद करून आत शेगडी पेटवण्याची पद्धत तर दुहेरी घातक आहे : ओल्या गादीतून अमोनिया साचतो आणि शेगडीतील कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. खुराड्याच्या फटींत दिवसा दडून रात्री रक्त शोषणारे तांबडे माइट (बारीक कोळीवर्गीय कीटक) आणि गोचीड हेही पंडुरोगाचे सहज नजरेआड होणारे कारण आहे.

दमटपणा खाद्यातही शिरतो. बुरशी आलेला मका, शेंगदाण्याची पेंड व नीट न वाळलेल्या खोबऱ्याची पेंड यांत अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये लाखभर टर्की मेल्या, तेव्हा हे विष उजेडात आले. ते यकृत बिघडवते. रक्त गोठवणारी प्रथिने तेथेच बनत असल्यामुळे बारीकशा माराने कातडीखाली रक्त साकळते, आणि अस्थिमज्जेवर परिणाम झाल्यास पंडुरोगही होतो. खाद्य उन्हात वाळवले तरी आधी तयार झालेले विष त्यात बव्हंशी उरते, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

ब्रॉयलर पिल्लांना दर किलो खाद्यात सु. ८० मिग्रॅ. लोह लागते, शिवाय तांबे, फोलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्वही आवश्यक असते. जांभ्याची लाल माती लोहाने भरलेली असली, तरी ते ऑक्साइडच्या रूपात असल्याने माती टोचणाऱ्या कोंबडीला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. कणी-कोंड्यावरच पोसलेल्या पक्ष्यांत कोंड्यातील फायटेट हे द्रव्य उरलेले लोहही बांधून ठेवते. परड्यात मोकळी फिरणारी गावठी कोंबडी किडे, गांडुळे व हिरवा पाला खाऊन ही उणीव बरीचशी भरून काढते. डालग्याखाली कोंडलेलीला ती सोय नसते. बंदरांवर स्वस्त मिळणारी सुक्या मासळीची कुटी लोह व ब१२ यांचा उत्तम पुरवठा करते. तथापि खारवलेली मासळी वापरल्यास मिठाचे प्रमाण बेताबाहेर जाते; मग पिल्लांत रक्ताचे आकारमान वाढते, हृदयावर ताण येतो आणि पोटात पाणी साठते. संपूर्ण खाद्यात मीठ सु. ०.३ टक्के पुरते, म्हणून अशी कुटी घातल्यावर वेगळे मीठ घालत नाहीत.