मेथाडोन रोज घेतो, तरी टेस्ट निगेटिव्ह कशी?

हेरॉइन म्हणजे आपल्याकडचं गर्द सुटावं म्हणून मेथाडोनवर असलेला अमेरिकेतला एखादा पेशंट घ्या, रोज सकाळी क्लिनिकच्या खिडकीपाशी नर्ससमोर औषध पितो, आणि एक दिवस दुसऱ्याच दवाखान्यात त्याची लघवी तपासतात तर रिपोर्ट येतो "ओपिएट निगेटिव्ह", म्हणजे अफूपासूनचं काही सापडलं नाही. झालं, तिथल्या डॉक्टरला वाटतं हा औषध घेतच नाही, बाहेर विकतो. बिचाऱ्याची चूक काहीच नसते.

ती साधी ओपिएट टेस्ट मॉर्फिन ओळखायला बनवलीये. मॉर्फिन आणि कोडीन अफूच्या बोंडातून येतात, हेरॉइन मॉर्फिनपासूनच बनतं आणि शरीरात जाऊन परत मॉर्फिनच होतं. मेथाडोन मात्र 1930च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं, अफूशी संबंधच नाही. मेंदूत ते मॉर्फिनच्याच जागेवर जाऊन बसतं म्हणून टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, लागत नाही, पण रेणूचा आकार इतका वेगळा की टेस्टच्या पट्टीवरची मॉर्फिन ओळखणारी अँटिबॉडी (ठरावीक पदार्थालाच चिकटणारं प्रथिन) त्याला ओळखतच नाही. मेथाडोनची पट्टी वेगळी लागते.

आणि पट्टी वाचणंही उलटं असतं बरं का. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये रेघ आली की पॉझिटिव्ह, इथे रेघ आली की निगेटिव्ह! लघवीत औषध असेल तर ते अँटिबॉडी अडवून ठेवतं, मग रेघ उमटत नाही. फिकट का होईना, रेघ दिसली तर निगेटिव्हच धरायचं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. काही जण औषध खरंच विकतात आणि थोडंसं लघवीच्या नमुन्याच्या कपात टाकतात, मग मेथाडोनची पट्टी पॉझिटिव्ह येणारच. म्हणून लॅब ईडीडीपी शोधते, मेथाडोन लिव्हरमधून गेलं की हा पदार्थ तयार होतो, कपात तो बनत नाही. मेथाडोन भरपूर आणि ईडीडीपी जवळपास शून्य, म्हणजे औषध पोटात गेलंच नाही. शिवाय कपाला बाहेरून तापमानाची पट्टी असते, ताजी लघवी चार मिनिटांच्या आत 32 ते 38 अंश सेल्सियसमध्ये असायला हवी. हे सगळं असताना लघवी करताना माणसाच्या डोक्यावर उभं राहायची वेळ कमी येते, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला उपचाराला यायचंय त्याची दर वेळी अशी लाज काढली तर तो येईल का परत?

अमेरिकेत मेथाडोन क्लिनिकमध्ये वर्षाला किमान 8 अचानक टेस्ट कराव्याच लागतात. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक सांगते, अनारशावरच्या खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि साधी टेस्ट त्याने पॉझिटिव्ह येऊ शकते, मेथाडोनची मात्र येत नाही. मेथाडोनच्या पट्टीला फसवणारी औषधं वेगळी, सर्दी-ॲलर्जीसाठीचं डायफेनहायड्रामिन, झोपेसाठीचं डॉक्सिलामिन, मानसिक आजारातलं क्वेटियापिन.

लघवीतल्या आकड्यावरून किती डोस घेतला तेही सांगता येत नाही, पाणी किती प्यायलं, लघवी किती आम्लधर्मी आहे यावर तो बदलतो. म्हणून शंका आली तर आधी लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, पक्की तपासणी करा आणि पेशंटशी बसून बोला. नुसत्या पट्टीवर विसंबून डोस बंद केला तर दोन-तीन दिवसांत टर्की सुरू होते, अंग मोडून येतं, झोप लागत नाही, आणि गर्द विकणारा कोपऱ्यावरच उभा असतो.