कॅम्पस मुलाखत, 'एक विद्यार्थी, एक ऑफर' आणि लांबलेलं जॉइनिंग

महाराष्ट्रात 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पदवीधरांची संख्या वाढत गेली. 1990 च्या दशकाच्या शेवटी वायटूकेची (साल 2000 उजाडताना संगणकातल्या तारखा चुकू नयेत म्हणून करायच्या दुरुस्त्यांची) कामं आली, पाठोपाठ पुण्याजवळ हिंजवडीची आयटी वसाहत उभी राहिली. कॅम्पस भरतीचा साचा त्याच सुमारास पक्का झाला. दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे 60 टक्के, लाइव्ह बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) नको, मग ॲप्टिट्यूड, टेक्निकल, एचआर. मेकॅनिकल-सिव्हिलची मुलंही याच रांगेत उभी राहू लागली.

या सगळ्या प्रवासात सर्वात वादग्रस्त ठरलेला निर्णय कंपन्यांचा नव्हता, तो महाविद्यालयांच्या प्लेसमेंट सेलचा होता. एका कंपनीत निवड झाली की त्या विद्यार्थ्याने पुढच्या कंपन्यांना बसायचं नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. वर्गातल्या चार हुशार मुलांनीच सगळ्या ऑफर घेतल्या तर बाकीच्यांनी काय करायचं? पुढे पगारानुसार 'ड्रीम' कंपन्यांची सवलत आली. हातातल्या ऑफरपेक्षा बरंच मोठं पॅकेज असेल तर पुन्हा बसू द्यायचं. पण तशा कंपन्या नांदेड-जळगावकडच्या महाविद्यालयांत येतातच किती? तिथली मुलं रात्रीच्या गाडीने पूल कॅम्पससाठी (अनेक महाविद्यालयांच्या एकत्रित भरतीसाठी) पुण्यात उतरतात, ओरिजिनल मार्कशीटची फाइल छातीशी धरून दिवसभर थांबतात. पाळी आली की वीस मिनिटांत फायनल इयर प्रोजेक्ट, एखादी डेटाबेस क्वेरी, स्ट्रिंग (अक्षरांची माळ) उलटी करून दाखव आणि 'रिलोकेट व्हायला तयार आहेस का?' एवढं विचारून मुलाखत आटोपते. निवड झाली की त्यांच्यासाठी त्या वर्षीची भरती तिथेच संपते.

हा नियम उमेदवाराला बांधतो, कंपनीला बांधत नाही. सातव्या सेमिस्टरला हातात पडतं ते बहुतेक वेळा लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे नोकरी देण्याचा नुसता इरादा सांगणारं पत्र. रुजू होण्याची तारीख 'व्यवसायाच्या गरजेनुसार' कळवली जाणार, असं त्यातच लिहिलेलं असतं. 2008-09 च्या मंदीत हे वाक्य पहिल्यांदा हजारो घरांत नीट वाचलं गेलं, कारण निवड झालेल्यांचं जॉइनिंग महिनोन् महिने पुढे गेलं. मंदी ओसरली, नियम मात्र तसाच राहिला. त्या वेळी तो बदलायला हवा होता.

ज्यांच्या हातात ताकद होती त्यांनी ती वापरली. 2016 मध्ये आयआयटींच्या प्लेसमेंट समितीने ऑफर देऊन माघार घेणाऱ्या 31 कंपन्यांना कॅम्पसची दारं बंद केली. तालुक्याच्या महाविद्यालयाला हे परवडत नाही. एक मोठी कंपनी नाराज झाली तर पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात लिहायला काही उरत नाही.

कोविडमध्ये परीक्षा आणि मुलाखती ऑनलाइन गेल्या. गावातल्या घरी रेंज गेली की टेस्ट आपोआप सबमिट होण्याची धास्ती होती, तरी 2021-22 मध्ये भरती प्रचंड झाली. मग मागणी घटली आणि 2022 च्या बॅचमधले अनेकजण वर्षाहून जास्त काळ नुसत्या ईमेलची वाट पाहत बसले. फेब्रुवारी 2023 मध्ये एका बड्या कंपनीने 6.5 लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना 3.5 लाखांवर रुजू होण्याचा पर्याय दिला. नाही म्हणायची सोय होती, पण कॅम्पसचं दार एव्हाना बंद झालेलं. शिवाय शिक्षणानंतरची 'गॅप' पुढच्या प्रत्येक मुलाखतीत विचारली जाणार होती. या मुलांनी मधल्या काळात कोर्स केले, इंटर्नशिप केल्या, काहींनी घरची शेती पाहिली. एवढं करूनही एचआरसमोर त्यांनाच खुलासा द्यावा लागला, याची चीड यायलाच हवी.

2024 मध्ये पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने दुसऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. 2022 साली निवडलेले सुमारे 2,000 जण अजून बाहेरच आहेत, असं संघटनेचं म्हणणं होतं. त्यानंतर त्या बॅचचं जॉइनिंग सुरू झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच कंपनीच्या म्हैसूर कॅम्पसमधून 300 हून अधिक प्रशिक्षणार्थींना काढण्यात आलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षेत ते उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. संघटना पुन्हा मंत्रालयाकडे गेली आणि मंत्रालयाने कर्नाटकच्या कामगार विभागाला लक्ष घालायला सांगितलं.